पडवीतलं पोस्ट, पाचपैकी सव्वाचार

मॅपवर आमच्या गावच्या पोस्टाची टाचणी खाडीत पडलीय, म्हणजे अक्षरशः पाण्यात, आणि त्याखाली एकुलता एक रिव्ह्यू आहे, कोणीतरी फिरायला आलेला पाहुणा तीन स्टार देऊन गेलाय आणि लिहिलंय ‘पार्किंग नाही’. पोस्टात गाडी लावून त्याला काय करायचं होतं देव जाणे. पण ते वाचलं तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा नीट लिहायचं, कारण आमच्याकडच्या होमस्टेचे, खानावळींचे, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांचे सगळ्यांचे रिव्ह्यू आहेत आणि ज्याच्या जिवावर अर्धी वाडी चालते त्याच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही.

गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठाला. नाव मुद्दाम देत नाही, पोस्टात माणसंच दोन आहेत, गावाचं नाव घेतलं की ती कोण ते लगेच कळणार. दापोली एसटीने सव्वा तास, तेही रस्ता धड असेल तर. सकाळी सातला वस्तीची गाडी सुटते, ती चुकली की दुपारपर्यंत फाट्यावर बसा नाहीतर रिक्षावाल्याच्या पाया पडा. बँक, एटीएम, दाखले देणारं सेवा केंद्र, झेरॉक्स, सगळं तिकडे. गावात म्हणाल तर शाळा (पटावर अकरा पोरं), रेशनचं दुकान, आरोग्य उपकेंद्र आणि पोस्ट. मी स्वतः वीसेक वर्षं विरारला काढून चार वर्षांपूर्वी परत आलो, आई एकटी होती आणि काजू-आंब्याकडे बघणारं कोणी नव्हतं म्हणून. तर विरारच्या डोळ्यांनी आणि गावच्या डोळ्यांनी असं दोन्हीकडून बघून लिहितोय.

आता पोस्ट म्हणजे कोणाला लाल रंगाची सरकारी बिल्डिंग डोळ्यासमोर आली असेल तर ती पुसून टाका. हे शाखा डाकघर आहे, आणि शाखा डाकघराला सरकार बिल्डिंग देत नाही, पोस्टमास्तरनेच गावात जागा बघायची आणि गावातच राहायचं असा नियम. आमच्याकडे जागेला तोटा नाही, अर्ध्या घरांना कुलपं आहेत. त्यातलंच एक बंद घर, मालक परळला, त्याने पडवी पोस्टाला दिली आणि मागची खोली पोस्टमास्तरणीला. पडवीत एक टेबल, एक लोखंडी पेटी, वजनकाटा, भिंतीला शिक्क्याची शाई पुसून पुसून झालेला जांभळा डाग, बाहेर कोनाड्याशेजारी लाल डबा. गणपतीत मालक कुटुंबकबिल्यासह येतात तेव्हा पोस्ट आपलं एका कोपऱ्यात सरकतं, माजघरात आरती चाललेली असते आणि पडवीत शिक्के पडत असतात, आणि त्या पाच-सात दिवसात पोस्टात जाणारा माणूस प्रसाद घेतल्याशिवाय परत येत नाही. ही सुविधा तुमच्या शहरातल्या कुठल्या ऑफिसात आहे सांगा.

पोस्टमास्तरीण मराठवाड्यातली आहे, वय असेल तेवीस-चोवीस. ह्या ग्रामीण डाक सेवकांची भरती दहावीच्या मार्कांवर होते, परीक्षा नाही मुलाखत नाही, यादीत नाव लागलं की जिथली जागा तिथे जायचं. ती पहिल्यांदा आली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तिच्याकडे अख्ख्या वर्षात पडत नाही तेवढा पाऊस आमच्याकडे नुसत्या जुलैत कोसळतो. पहिले पंधरा दिवस बिचारीला वाटलं असेल की आपल्याला काहीतरी शिक्षा झालीय. तिकिटं एकमेकांना चिकटून वडी झाली, पासबुकांना बुरशी, कपडे वाळेनात, त्यात शेजारच्या घरी सुकटीचा वास. तिकिटांचं पुढे तिने शोधून काढलं, तांदळाच्या डब्यात ठेवते, मध्ये बटर पेपर घालून. कोणी शिकवलं नाही, आपलं आपण. भाषेचीही गंमत, ती ‘लई’ म्हणाली की आमच्याकडची पोरं हसायची, आणि आमच्या म्हाताऱ्या ‘सड्यावरसून आलंव’ म्हणाल्या की ती ‘कुठनं?’ म्हणून तीनदा विचारायची. सडा म्हणजे काय हे तिला आईने स्वतः वर नेऊन दाखवलं, उघडा कातळ आणि त्यावर वारा. तिला वाटलेलं अंगणात सडा घालतात तो.

दुसरा माणूस म्हणजे डाक वाटणारे काका, गावचेच, साठीला आलेत. पाच वाड्या पायी, एक वाडी खाडीपलीकडे आहे तिथे तरीतून, म्हणजे होडीतून, जातात, भरतीची वेळ त्यांना घड्याळापेक्षा जास्त कळते. पलीकडच्या वाडीत आठवड्यातून किती पत्रं येत असतील, दोन नाहीतर तीन, ते पण बँकेची आणि कोर्टाची. तरी जातात. मी एकदा म्हटलं काका एवढ्यासाठी कशाला, साठवून न्या, तर म्हणाले पत्र नसलं तरी माणसं असतात ना. मग कळलं की पलीकडच्या दोन म्हाताऱ्यांच्या गोळ्या पण हेच आणून देतात, ते काही पोस्टाचं काम नाही.

माझा मुद्दा तिथेच आहे खरं तर. कागदावर ह्या पोस्टाचं काम काय ते लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षात जे काम होतं ते त्या कागदाच्या बाहेर सांडलेलं आहे, आणि गावाला पोस्ट चांगलं वाटतं ते त्या सांडलेल्या कामामुळे. हे कुठल्याही फीडबॅक फॉर्मवर येत नाही म्हणून इथे लिहितोय.

आईचं उदाहरण देतो म्हणजे कळेल. वडील मुंबईत कंपनीत होते, ते गेल्यावर आईला ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेतली, विधवा पेन्शन मिळते, फार नाही, किमान १,००० च्या थोडी वर, पण तिची स्वतःची आहे आणि त्या पैशाला ती मला हात लावू देत नाही. ह्या पेन्शनला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं. २०१४ पासून हे ऑनलाइन झालंय, जीवन प्रमाण म्हणतात, आधार नंबर आणि बोटाचा ठसा दिला की झालं. ‘झालं’ हे ज्यांच्या बोटांवर रेषा आहेत त्यांच्यासाठी. आईने तीस वर्षं काजू फोडलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, ओल्या बिया सोलताना तर हात उततात, राख लावा नाहीतर गोडं तेल लावा, थोडंफार लागतंच. आमच्याकडच्या बायकांची बोटं म्हणजे धुऊन धुऊन गुळगुळीत झालेली नाणी. मशीनवर बोट ठेवलं की मशीन म्हणतं हा माणूस ओळखत नाही.

पोस्टातून दाखला केला त्याच्या आधीच्या वर्षी आम्ही तालुक्याला एका बँकेत गेलो होतो, नाव घेत नाही. सातची गाडी, आईचं हाफ तिकीट, माझं फुल, दहाला रांगेत, साडेबाराला नंबर, बोट उमटलं नाही. पुढल्या आठवड्यात या. पुढल्या आठवड्यात पण नाही. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणे साहेब रजेवर. दोन महिन्यांची पेन्शन अडकली, आणि त्यात आई बँकेतल्या बाकड्यावर बसून मला विचारते, ‘अरे, मी जिवंत आहे हे तू सांगितलंस तर चालत नाही का त्यांना?’ मागे बसलेले सगळे हसले, मला नाही हसू आलं. आणि अजून एक, हा दाखला ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचं बंधन नाही, हे आम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही, ते आम्हाला पोस्टातल्या ह्या मुलीने सांगितलं.

तर पुढल्या वर्षी तिने घरी येऊन दाखला करायचा म्हटलं. पोस्टाची पेमेंट बँक आहे ना, १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली, तिच्यातर्फे घरपोच होतं, तेव्हा चार्ज ७० रुपये होता. आली संध्याकाळी चारला, मोबाईल आणि बोटाचं मशीन घेऊन. दहाही बोटं लावून बघितली. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, अंगठाच पाहिजे असं नाही, हे पण तिच्याकडूनच कळलं. कोमट पाण्यात हात बुडवायला लावले, पुसले, जरासं खोबरेल लावून परत पुसलं, परत लावलं. नाही म्हणजे नाही. मी आपला मनात म्हटलं झालं, आता ही पण म्हणणार पुढल्या आठवड्यात या. तिने मशीन पिशवीत टाकलं आणि म्हणाली काकी, उद्या सकाळी तोंड धुऊन तयार राहा, आपण तोंडानं करू.

तोंडाने म्हणजे चेहऱ्याने. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवून दाखला करायची सोय आलीय, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं. फक्त त्याला चांगलं नेट लागतं आणि आमच्या वाडीत नेट म्हणजे शिमग्याच्या पालखीसारखं, येतं तेव्हा येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पोस्ट उघडायच्या आधी, आम्ही तिघं वर सड्यावर. मी स्टूल घेऊन पुढे, आई नवीन लुगडं नेसून मागे, तिच्या मागे ही मुलगी. कातळावर स्टूल ठेवलं, आई बसली, वारा असा की पदर डोक्यावर राहीना. चष्मा काढा, डोळे मिटा, उघडा. आईने मिटले ते उघडलेच नाहीत, तिला वाटलं फोटो काढतायत म्हणून देवासमोर बसल्यासारखी बसली. काकी उघडा की ओ डोळे. चौथ्या वेळी जमलं. मोबाईलवर मेसेज आला, नंबर आला, आई अधिकृतरीत्या जिवंत. ७० रुपये दिले त्याची पावती मिळाली. वर चढून यायचे काही नाहीत, ते चार्जमध्ये धरलेलं नसतं.

त्यानंतर वाडीतल्या आणखी नऊ जणांचे दाखले त्याच स्टुलावर झाले. स्टूल आमचंच, अजून वरच ठेवलंय, धोंडा ठेवून.

पैशांचं सांगतो, कारण बहुतेक लोक त्यासाठीच पोस्टात जातात. खातं कुठल्याही बँकेत असू दे, आधारला जोडलेलं असलं की पोस्टातल्या मशीनवर बोट लावून एका वेळी १०,००० पर्यंत काढता येतात. हे फार मोठं काम झालंय. लाडकी बहीणचे १,५०० काढायला तालुक्याला जायचं म्हणजे तिकीट, चहा, वडापाव आणि एक दिवसाची मजुरी, हातात काय राहणार. आता ‘पैसे पडले’ असा मेसेज एकीच्या मोबाईलवर आला की अर्ध्या तासात पडवीत पंचवीस बायका. आणि इथेच खरी कसोटी लागते कारण पोस्टात कॅश किती ठेवायची ह्याला मर्यादा असते, जास्त लागली तर वरच्या ऑफिसला कळवायचं, मग ती दुसऱ्या दिवशी टपालाच्या थैलीतून येते. पंचवीस जणींना दीड-दीड हजार म्हणजे साडेसदतीस हजार झाले, तेवढे पेटीत नसतात. पहिल्या वेळी भांडणं झाली. दुसऱ्या वेळेपासून तिने एक वही केलीय. पहिल्या दिवशी सगळ्यांना ५०० मिळतात, बाकीचे उद्या-परवा. पण जिला डॉक्टरकडे जायचंय किंवा जिच्या पोराची फी भरायचीय तिला पूर्ण. खरं कोणाला जायचंय आणि कोण नुसतंच सांगतंय हे कसं ओळखते विचारलं तर म्हणाली मी नाही ओळखत, रांगेतल्या बायकाच सांगतात की हिला दे आधी. म्हणजे वाटप गावच करतं, ती फक्त वही धरते. हा नियम कुठल्या सर्क्युलरमध्ये नाही, आणि साहेबांना आवडेल की नाही हेही मला माहीत नाही, पण त्यानंतर भांडण झालेलं मी बघितलं नाही.

कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा मुलुख म्हणायचे ते उगाच नाही. आमच्या लहानपणी लालबागहून वडिलांची मनीऑर्डर यायची, फॉर्मच्या खाली चार ओळी लिहायची जागा असायची, तिथे ‘येथे सर्व खुशाल, पावसाची कौलं बघून घेणे’ एवढंच. आईला वाचता येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायचे, पैसे मोजून द्यायचे आणि उत्तर पण तेच लिहायचे. ते चिटोरे आईने अजून ठेवलेत, तांदळाच्या कणगीवरच्या ट्रंकेत. आता पैसे मनीऑर्डरने येत नाहीत, मुंबईहून थेट खात्यात येतात, पण खात्यातून हातात यायला परत पोस्टच लागतं. मधली पन्नास वर्षं कुठे गेली कळत नाही.

पार्सलचा अनुभव चांगला, थोडक्यात सांगतो. बहीण नाशिकला, तिला दरवर्षी आमसुलं, काजूगर आणि कुळीथ पाठवतो, तीन-चार दिवसात पोचतं, मोबाईलवर नंबर टाकून कुठवर गेलं ते दिसतं. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच घातलंय, पण म्हातारी माणसं अजून ‘रजिस्टर करायचंय’ असंच म्हणतात आणि ती प्रत्येकाला न कंटाळता समजावते. आमसुलाचं पार्सल प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून आणा, नाहीतर तिचं टेबल लाल होतं आणि मग ती मराठवाड्यात जाते, म्हणजे भाषेने.

पिनकोडवरून एक आठवलं, जरा विषय सोडून आहे पण सांगतोच. हा पिनकोड ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर केळशीचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, संस्कृतचे मोठे पंडित होते. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. आणि आज त्यांच्याच तालुक्यातून ऑनलाइन काही मागवायला गेलं की स्क्रीनवर येतं, ‘या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध नाही’. आमचा पिन ४१५ ने सुरू होतो, साताऱ्याचाही ४१५ नेच, त्यामुळे कस्टमर केअरवाली मुलगी हमखास विचारते, सर सातारा का? नाही ताई, सह्याद्रीच्या ह्या बाजूला, खाली उतरा. शेवटी मिक्सरचं भांडं मी विरारच्या मित्राच्या पत्त्यावर मागवलं आणि त्याने ते पोस्टाने पाठवलं, काका तरीच्या वाडीला जाताना देऊन गेले. कुरियरवाले जिथवर रस्ता चांगला तिथवर येतात, त्यात त्यांची चूक आहे असं पण नाही, त्यांना ते परवडत नसणार. पण कोणाला तरी न परवडता यावं लागतंच ना.

आता स्टार कुठे कापले ते. अर्धा स्टार नेटसाठी. ह्यात पोस्टाचा दोष किती आणि टॉवर लावून विसरून गेलेल्या कंपनीचा किती हा वाद घालता येईल, पण पडवीत उभ्या असलेल्या माणसाला काय त्याचं. दर्पण योजनेत गावोगावच्या शाखा डाकघरांना हातातली मशीनं आणि सोलर दिलं, २०१७ च्या शेवटाला सुरू झालं ते, तेव्हापासून वहीतला व्यवहार मशीनमध्ये गेला. सोय झालीच. पण पूर्वी वीज गेली, फोन गेला, तरी पासबुक घेऊन गेलं की मास्तर शिक्का मारून थोडेफार पैसे द्यायचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडची झाडं, कौलं, विजेचे खांब सगळं आडवं झालं, कित्येक दिवस वीज नाही, टॉवर बंद. मी तेव्हा विरारला लॉकडाऊनमध्ये अडकलेलो, आईचा आवाज सहा दिवस ऐकला नव्हता. पेटीत कॅश होती, लोकांच्या खात्यात पैसे होते, पण मशीन म्हणजे नुसतं खोकं, देता येईनात. तेव्हाचे मास्तर जुने होते, गावचे, आता निवृत्त झाले. त्यांनी काय केलं तर कागदावर घरोघरचे मुंबईचे नंबर लिहून घेतले आणि पडलेल्या झाडांवरून चालत जिथे रेंज मिळेल तिथवर गेले, आणि एकेकाला फोन, ‘तुमची आई सुखरूप, कौलं गेली, माणसं आहेत’. मला पण तोच फोन आलेला. पैसे मिळाले नाहीत पण बातमी मिळाली, पोस्टाचं मूळ काम तेच की हो. तरी, समुद्रकाठच्या गावात दरवर्षी पावसाळ्यात नेट जाणारच हे धरून चालायला पाहिजे आणि नेट नसताना शे-पाचशे देता येतील अशी काहीतरी सोय हवी. ती नाही म्हणून अर्धा स्टार.

पाव स्टार वेळेसाठी. पोस्ट रोज चार तास उघडं असतं, ते पण थैली कधी येते त्यावर. मजुरीला जाणाऱ्या बाईला सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ कशी जमणार. पण इथे पण मला पूर्ण दोष देता येत नाही, कारण ह्या लोकांना पगारच चार तासांचा मिळतो. शाखा पोस्टमास्तरला चार तासांचे मूळ १२,००० आणि वर महागाई भत्ता, वाटपवाल्यांना १०,०००. खऱ्या अर्थाने सरकारी नोकर पण नाहीत ते, ग्रामीण डाक सेवक हा वेगळाच प्रकार, पासष्टीपर्यंत काम करायचं, आणि सरकारी नोकराला असते तशी पेन्शन नाही. म्हणजे जी मुलगी सड्यावर चढून माझ्या आईची पेन्शन चालू ठेवते तिला स्वतःला उद्या तशी पेन्शन नाही. त्यात वरून टार्गेट, एवढी खाती उघडा, एवढे विमे काढा. मला तिने अपघात विम्याबद्दल तीनदा विचारलं, चौथ्यांदा मीच काढला, तिचा चेहरा बघवेना. सुकन्याची, म्हणजे मुलींच्या नावाच्या बचतीची, खाती मात्र तिने मनापासून उघडली, अंगणवाडीत जाऊन बसली, २५० रुपयांत खातं होतं सांगून सांगून, वाडीतल्या दहा वर्षांखालच्या सगळ्या मुलींची झाली, सगळ्या म्हणजे पाच.

तुलनेसाठी म्हणून, राज्य सरकारचा लोकसेवा हक्क कायदा आहे २०१५ चा, कुठला दाखला किती दिवसात मिळायला पाहिजे ते ठरलेलं असतं, सेवा केंद्राच्या पाटीवर लिहिलेलं पण असतं. कायदा चांगलाच आहे, उशीर झाला तर अपील करता येतं. पण दिवस मोजायला सुरुवात होते तुम्ही काउंटरवर अर्ज दिल्यापासून. आमच्या वाडीतून त्या काउंटरपर्यंत पोचायला जो दिवस जातो तो कोणत्या पाटीवर नाही. आमच्या पोस्टाचं वेगळेपण एवढंच की ते काउंटर उचलून सड्यावर नेता येतं.

कोणाला यायचं असेल तर, मॅपवर विश्वास ठेवू नका, खाडीत उतराल. शाळेच्या पुढे रातांब्याचं मोठं झाड आहे, त्याच्या समोरची पडवी. दहा ते दोन. लाडकी बहीणचे पैसे पडले असतील त्या दिवशी येऊ नका, उभं राहायला जागा नसते. पावसात छत्री बाहेर ठेवा, आत आणली तर ओरडा बसतो. पार्किंग नाही.

आणि हे सगळं आत्ताच लिहायचं कारण, मागच्या आठवड्यात कळलं की तिने घराकडे बदलीसाठी अर्ज केलाय. आईबाप तिकडे, लग्नाचं बघतायत, साहजिक आहे. रात्री जेवताना मी आईला सांगितलं. आई भात कालवत होती, बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, ‘त्या अर्जाला अंगठा लावावा लागतो काय रे?’ म्हटलं माहीत नाही, लागत असेल. म्हणाली, ‘लागत असंल तर तिचा पण उमटू नको दे.’